तालीम आणि तागडी

आपल्या मुलखात माणूस पूर्वी तागडीत बसत असे तो दानासाठी, प्रकृती पाहण्यासाठी नव्हे. १६६५ साली शिवाजी महाराजांनी महाबळेश्वरी जिजाबाईंची आणि वृद्ध सोनोपंत डबिरांची सुवर्णतुला केली. पुढे १६७४ साली राज्याभिषेकाच्या सोहळ्यात महाराज स्वतः तुलेत बसले, तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याने महाराजांचे वजन सुमारे सोळा हजार होन भरल्याचे आपल्या कागदांत टिपून ठेवले. त्या आकड्याने ब्राह्मणांच्या पदरात किती सोने पडले हे कळते. ज्या पुरुषाने साल्हेरपासून जिंजीपर्यंत घोडा फिरवला त्याच्या अंगी दम किती होता, हे त्यावरून काडीइतकेही कळत नाही, आणि ते कळावे अशी त्या काळच्या कोणाची अपेक्षाही नव्हती. शरीराची पारख करण्याची मापे निराळी होती, ती निराळ्या ठिकाणी वापरली जात, आणि पुण्यापुरते बोलायचे तर त्यांचे दप्तर पेठापेठांतील तालमींमध्ये होते. दप्तर म्हटले तरी एक ओळही लिहिलेली नाही असे.

या तालमींपैकी कित्येक आज केवळ चौकांच्या नावांतून उरल्या आहेत. खालकर तालीम, नगरकर तालीम, निंबाळकर तालीम ही नावे रिक्षावाल्यास सांगितली की तो बिनचूक नेऊन सोडतो, पण उतरणाऱ्याला हौदा शोधूनही सापडेलच असे नाही. मानाच्या तिसऱ्या गणपतीला आपण गुरुजी तालमीचा गणपती म्हणतो. १८८७ सालापासून चालत आलेल्या त्या उत्सवाच्या प्रारंभी शिंदे आणि नालबन अशी हिंदू व मुसलमान दोन्ही घराणी होती, कारण हौद्यात उतरलेल्या माणसाच्या अंगाला एकच माती लागते. आता तिथे गणपती आहे, तालीम नाही. चिंचेची तालीम, जगोबादादांची तालीम, गुलशे तालीम यांची नावे जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात अजून सहज येतात, आणि ज्याने जुन्या धर्तीची चालती तालीम एकदा पाहिली आहे त्याला तिचा शिरस्ता विसरता येत नाही. पहाटेच्या काळोखात पठ्ठे जमतात, मारुतीला नमस्कार करतात, आणि कुस्तीला हात घालण्यापूर्वी फावड्याने सारा हौदा उकरतात. ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर मुरवलेली ती तांबडी माती जड असते; ती खालची वर करून पुन्हा सपाट करेपर्यंत नवशिक्याच्या छातीचा भाता होतो, आणि वस्ताद कोपऱ्यात बसून तेवढेच पाहत असतो. पोरगा किती वेळाने थांबला, थांबल्यावर तोंडाने श्वास घेतो की नाकाने, पुन्हा फावडे उचलतो की कोणी बघत नाही असे पाहून भिंतीला टेकतो, ही त्याची पहिली परीक्षा. महिन्याभराने तोच पोरगा तेवढीच माती न थांबता उकरू लागला की त्याला ‘अंग धरू लागलास’ एवढे प्रशस्तिपत्र मिळे.

त्यानंतरचे माप संख्येचे. जोर किती, बैठका किती, हे पहिलवानाला पहिल्याच भेटीत विचारावे, आणि त्याने आकडा थोडा फुगवून सांगावा, हाही शिष्टाचारच होता. मी या आकड्यांवर फारसा विश्वास ठेवणार नाही. हजार बैठकांच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ. त्या मोजणारे कोणी भेटत नाही. परंतु ज्याच्याजवळ दुसरे साधन नाही अशा माणसाने आपल्या कालच्या देहाशी आजचा देह ताडून पाहावा, यासाठी संख्या हे माप काही वाईट नव्हते. त्याच्या जोडीला भाराचे माप होते. तालमीच्या दाराशी पडलेला दगडी नाल, मध्ये मूठ धरण्यापुरती खाच असलेला, अमक्याने गुडघ्यापर्यंत, तमक्याने खांद्यापर्यंत, आणि एखाद्यानेच डोक्यावर नेलेला. नाल तोच राही, म्हणून त्याची साक्ष खोटी ठरत नसे.

आणि सर्वांत सूक्ष्म माप मैदानात दिसे. जत्रेच्या कुस्त्यांत जोड लावण्याचे काम जाणत्या वस्तादांकडे असे. दोन गडी समोर आणून उभे केले जात. वस्ताद त्यांची उंची खांद्याला खांदा लावून पाही, मानेवर हात फिरवी, मनगट चिमटीत धरी, मोडलेल्या कानांकडे पाहून हा किती वर्षांचा मुरलेला आहे ते ताडी, चार पावले चालायला लावून मांडीचा भरीवपणा पाही, आणि मग दोघांचे हात वर धरून जोड मुक्रर झाल्याचे सांगे. काटा कोठेही नव्हता. जोड चुकली, एकाने दुसऱ्याला घटकेत चितपट केले, की लोक हरणाऱ्याला नव्हे, जोड लावणाऱ्याला शिव्या देत. यावरून ही पारख किती जबाबदारीची समजली जाई ते ध्यानात येईल.

शरीरसामर्थ्याचे असे अनेक अंगांनी माप घ्यावे ही बुद्धी मराठी तालमीने स्वतः शोधलेली नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला, त्यात मल्लविनोदाचे प्रकरण आहे आणि मल्लांनी करावयाचे श्रम वेगवेगळे करून सांगितले आहेत: भार उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यात करावयाचा सलिलश्रम, बाहूंचा श्रम, आणि खांबावरचा स्तंभश्रम. एकाच गुणावर माणूस बलवान ठरत नाही, हे त्या राजाला मान्य होते असे या विभागणीवरून दिसते. यांतील स्तंभश्रमाला पुण्यात जे रूप आले ते दुसऱ्या बाजीरावाच्या काळी, बाळंभटदादा देवधरांच्या हातून. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पेशव्यांच्या दरबारी आव्हान घेऊन आले, कोवळ्या बाळंभटांनी मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीपाशी जाऊन तपश्चर्या केली, तेथे मारुतीने खांबावरचे पेच दाखवले, आणि परत येऊन त्यांनी अलीला आसमान दाखवले, तर गुलाब न लढताच निघून गेला, अशी आख्यायिका आहे. दैवी भाग श्रद्धावंतांना लखलाभ असो. माझ्या विषयाला उपयोगी पडतो तो खांब. मल्लखांबावर चढणाऱ्याला स्वतःच्याच देहाचा भार पेलावा लागतो. अंगावर मांस चढवून वजन वाढवणाऱ्याला तालमीत मान मिळेल, परंतु खांबावर तो पहिल्याच उडीत खाली घसरतो. तेथे वजन आणि बळ यांचे गुणोत्तर कोणी गणित न मांडता सर्वांच्या देखत सिद्ध होते. पुण्याच्या व्यायामपरंपरेत कुस्ती आणि मल्लखांब शेजारी शेजारी नांदले, म्हणून येथे नुसत्या थोराडपणाचे स्तोम फारसे माजले नाही, असे माझे मत आहे.

गंजपेठेतील लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत आणखी एक माप होते, आणि ते बळाचे नव्हे. दांडपट्टा चालवणाऱ्याच्या हाताची कसोटी लिंबावर होते: जमिनीवर किंवा माणसाच्या तळहातावर ठेवलेले लिंबू पट्ट्याने दोन फाके करून कापायचे आणि तळहाताला ओरखडाही उमटू द्यायचा नाही. येथे चूक झाली तर ती दुसऱ्याच्या हातावर लिहिली जाते. पेशवाई बुडाल्यानंतरच्या पुण्यात, अस्पृश्य गणलेल्या समाजातील वस्तादाच्या हाताखाली जोतीराव फुले दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकले. वासुदेव बळवंत फडक्यांनीही त्याच वस्तादाचे शिष्यत्व पत्करले. एकोणिसाव्या शतकातील पुण्याचा इतिहास पुस्तकांच्या आणि वृत्तपत्रांच्या आधारे लिहिणाऱ्यांनी या तालमीला एक-दोन ओळींवर भागवले, हे मला नेहमी खटकत आले आहे.

त्याच शतकाच्या आठव्या दशकात डेक्कन कॉलेजात दाखल झालेल्या टिळकांनी पहिले वर्ष अभ्यास बाजूस सारून शरीर कमावण्यात घालवले, ही कथा प्रत्येक चरित्रात येते. मूळची काडीसारखी अंगकाठी, ती व्यायामाने आणि नदीतल्या पोहण्याने भरून आली असे चरित्रकार सांगतात. किती पौंडांनी भरली ते कोणी सांगत नाही आणि वाचकही विचारीत नाहीत. त्या वर्षाचा हिशेब चुकता झाला तो १९०८ ते १९१४ या काळात, मंडालेच्या तुरुंगात, मधुमेह अंगावर घेऊन, ‘गीतारहस्य’ लिहीत.

तुरुंगाचा उल्लेख आलाच आहे तर हेही सांगितले पाहिजे की जिवंत माणसाला नियमाने काट्यावर उभे करण्याची रीत इंग्रजी अंमलात ज्या जागांतून रुजली त्यांत तुरुंग प्रमुख आहे. कैदी आत आला की त्याचे वजन घ्यायचे, ठरावीक मुदतीने पुन्हा घ्यायचे, आणि वहीत मांडायचे. सरकारला त्याच्या प्रकृतीचा कळवळा होता म्हणून नव्हे, तर शिध्याचा आणि सक्तमजुरीचा ताळेबंद जुळावा म्हणून. दुसरी जागा इस्पितळ. तिसरी, पुण्याला साजेशी, कॅम्पातील रेसकोर्स, जेथे शर्यतीपूर्वी आणि शर्यतीनंतर जॉकीला खोगिरासह तोलून घेतात, म्हणजे ज्या वजनाची चिंता करायची ते घोड्याच्या पाठीवरचे. सामान्य माणसापर्यंत काटा पोचला तो रेल्वे स्थानकावर. नाणे टाकले की चक्र फिरे, दिवे लागत, आणि पुठ्ठ्याचे तिकीट पडे. त्याच्या एका अंगाला वजन आणि दुसऱ्या अंगाला भविष्य छापलेले असे. दोन्ही मजकूर सारख्याच गांभीर्याने वाचणारे प्रवासी मी पाहिले आहेत.

काट्याच्या आधी पुण्याच्या व्यायामाला घड्याळ भेटले होते, आणि ती भेट अधिक फलदायी झाली. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटांकडे होते. महायुद्ध संपल्यानंतर ते जिमखान्याच्या वार्षिक शर्यती पाहावयास आले. इंग्लंडातील शिक्षणात खेळांची शिस्त अंगी मुरवलेल्या त्या गृहस्थास येथे काय दिसले, ते त्यांनी पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात नमूद केले आहे. मैदान इतके आखूड की शंभर यार्डांची शर्यत वळणावरून धावायची. धावणारी मुले शेतकऱ्यांची, दिवसभर रानात राबणारी, साध्या अन्नावर वाढलेली. नियमांची आणि शास्त्रीय तयारीची त्यांना गंधवार्ता नाही. आणि तरीही, ज्या लांबच्या शर्यतीला ती मंडळी मॅरेथॉन म्हणत, सुमारे पंचवीस मैलांची, तीत अनवाणी पायांनी खडीच्या रस्त्यावर धावून काहींनी नोंदवलेला वेळ युरोपातल्या धावपटूंच्या वेळाशी तुलना करण्याजोगा होता. घड्याळाला धावणाऱ्याचा सदरा दिसत नाही. जोराच्या संख्येत फुगवाफुगवी चाले, नालाची साक्ष त्या तालमीपुरती, वस्तादाची पारख त्या पंचक्रोशीपुरती. पण तास-मिनिटांचा आकडा समुद्र ओलांडून गेला तरी तोच राहतो, आणि म्हणूनच मुठेकाठच्या एका आखूड मैदानावर पाहिलेल्या वेळावरून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ पाठवण्याचा विचार टाटांना सुचू शकला. त्या संघातला बेळगावचा फडेप्पा चौगुले ४२.७५ किलोमीटरांची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे आणि काही सेकंदांत पुरी करून एकोणिसावा आला. सदाशिव दातारही त्या शर्यतीत उतरला होता. त्याला ती पुरी करता आली नाही. कुस्तीत फेदरवेट गटात रणधीर शिंदेस चौथे आले, म्हणजे पदक एका कुस्तीने हुकले.

तोवर आणखी एक माप, फितीचे, शहरातल्या सुशिक्षितांत शिरले होते. जर्मनीचा यूजेन सँडो आपली स्प्रिंगची साधने आणि पुस्तके जगभर विकत होता. छाती, दंड, पोटरी इंचांत मोजून आरशापुढे उभे राहण्याचे वेड त्याने लावले. डेक्कन कॉलेजचेच विद्यार्थी असलेले औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ साली सँडोची साधने आणवून दहाएक वर्षे निष्ठेने व्यायाम केला, आणि मग मिरजकर संस्थानिकांच्या आग्रहाने सूर्यनमस्कारांकडे वळले ते कायमचे. फितीकडून पुन्हा संख्येकडे आले, असे म्हणता येईल. पण त्यांच्या संख्येला मित्र, रवि, सूर्य, भानु अशा नाममंत्रांची लय होती आणि राजापासून संस्थानातल्या शाळकरी पोरापर्यंत एकच पद्धत होती. १९२८ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले, आणि पुढे ती पद्धत इंग्लंडपर्यंत गेली. त्यांचा उत्साह काहींना अतिरेकी वाटे. प्रजेला रोज सक्तीने नमस्कार घालायला लावणारा राजा थट्टेचा विषय न होता तरच नवल.

फिती-घड्याळांच्या पुढे जाऊन देहाच्या आत काय घडते ते मोजण्याचा उद्योग पुणे जिल्ह्यातच लोणावळ्यास सुरू झाला. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापिले. बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेल्या या गृहस्थाने नौली करणाऱ्याच्या आतड्यात पाऱ्याचा दाबमापक जोडून आत निर्वात उत्पन्न होतो हे दाखवले, आणि त्याला आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे नाव दिले. त्याच वर्षी पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांचे महाराष्ट्रीय मंडळ निघाले. एकाने व्यायाम प्रयोगशाळेत नेला, दुसऱ्याने शाळेत आणि मैदानावर.

स्वातंत्र्यानंतर मोजणी सरकारी झाली. १९५९–६० साली राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम निघाली आणि धावणे, उडी, फेक यांतील कामगिरीप्रमाणे तारे वाटले गेले. पुण्यात लष्कराची शारीरिक शिक्षणाची संस्था आहे. लष्कराच्या चाचणीत जवानाला पाच किलोमीटर धावावे लागते, दोरावर चढावे लागते, नऊ फुटांचा चर उडी मारून ओलांडावा लागतो. पोलीस भरतीच्या पोरांना गोळाफेक आणि सोळाशे मीटर, शिवाय छाती फुगवून पाच सेंटिमीटर वाढ दाखवण्याची अट. आणि सरकारी शिक्क्यावाचून चालणारे पुणेरी माप म्हणजे पर्वती आणि सिंहगड. १९४३ साली अमेरिकेत हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी वीस इंचांच्या पायरीवर पाच मिनिटे चढउतार करवून नाडी मोजण्याची चाचणी बसवली. नानासाहेबांनी १७४९ साली देवदेवेश्वराचे मंदिर बांधल्यापासून पर्वतीवर हीच चाचणी रोज चालू आहे, फक्त नाडी कोणी मोजत नाही, वर पोचल्यावर किती वेळाने बोलता येते तेवढे सोबतीच्या ध्यानात येते. आतकरवाडीतून सिंहगड किती वेळात, हा प्रश्न तर आता जोर किती या प्रश्नाच्या जागी आला आहे, आणि उत्तर पूर्वीसारखेच थोडे सुधारून सांगितले जाते.

विरोधाभास असा की ज्या कुस्तीने वजनाला कधी विचारले नाही तीच अखेर काट्याच्या स्वाधीन झाली. ऑलिंपिकच्या कुस्तीत वजनगट असतात. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला फ्लायवेट गटात सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला बँटमवेट गटात कांस्यपदक घेऊन आले. तेव्हापासून तालमीच्या भिंतीपाशी काटा आला. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच आहे; हलक्या गड्याला आपल्या जोडीचा प्रतिस्पर्धी मिळतो. पण वजन द्यायच्या आदल्या दोन दिवसांत पाणी तोडून, घाम काढून काटा खाली आणणारे पोरगे जेव्हा सुकलेल्या ओठांनी आनंदित होते, तेव्हा आकडा उतरला म्हणजे ताकद वाढली नव्हे, हे त्याच्या वस्तादाला पुन्हा समजावून सांगावे लागते.

काट्याची खरी परीक्षा मात्र आखाड्यात झाली नाही, रास्ता पेठेतल्या के. ई. एम. रुग्णालयात झाली. बेल्जियमच्या केतले याने एकोणिसाव्या शतकात वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे सूत्र मांडले होते. तेच पुढे बीएमआय या नावाने डॉक्टरांच्या टेबलावर बसले. या रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एकाच पानावर आपली दोघांची छायाचित्रे छापली. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३, म्हणजे कोणत्याही तक्त्यात निर्दोष. क्ष-किरणांनी शरीरातील मेद मोजला तेव्हा युडकिनांचा ९.१ टक्के आणि याज्ञिकांचा २१.२ टक्के निघाला. इतके मार्मिक आणि इतके विनोदी शास्त्रीय टिपण मी दुसरे वाचलेले नाही. काट्याने दोघांना एकच दाखला दिला होता. याज्ञिकांच्याच चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांची आणि त्यांच्या बाळांची पाहणी चालवली होती. तेथली नवजात बालके सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची, परंतु कॅलिपरच्या चिमटीत धरून कातडीखालची चरबी मोजली तेव्हा आपल्या हडकुळ्या दिसणाऱ्या बाळांत ती मानाने फारशी कमी नव्हती, कमी होते ते स्नायू.

तालमींच्या साऱ्या इतिहासात स्त्री कोठे नाही. तिच्या हंड्यांची, जात्याची, भांगलणीची संख्या कोणी वस्ताद मोजत नव्हता, आणि मोजली असती तर हजार बैठकांच्या गोष्टी पुष्कळ फिक्या पडल्या असत्या. या पाहणीच्या प्रश्नावलीत मात्र ते सारे आले: पाणी किती आणले, शेतात किती वेळ, धुणे किती. उत्तरांची बेरीज बाळांच्या मापांशी ताडून पाहिली तेव्हा असे आढळले की गरोदरपणाच्या पहिल्या सहा महिन्यांत ज्या बायांचे श्रम अधिक, त्यांची बाळे वजनाने कमी, डोक्याच्या आणि दंडाच्या घेराने लहान. आणि ज्यांच्या खाण्यात हिरवी पालेभाजी, फळे व दूध वारंवार येई, त्यांची बाळे त्यामानाने भरलेली.